वहिनीचं गवत

आमच्या घरात सकाळ व्हायची ती विळीवर नारळ खवल्याच्या आवाजानं. आई खानावळ चालवायची. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, तिच्यात आई, बाबा, मोहनदादा आणि मी, आणि त्याच खोलीत दुपारी आणि संध्याकाळी कोकणातले एकटे राहणारे गडी दोन पंगतींत जेवून जायचे. बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, भात, आठवड्यातून एकदा तिसऱ्यांचं सुकं. जेवणारे गेले की आई जमीन पुसून घ्यायची आणि मग ती खोली पुन्हा आमची व्हायची. मच्छीचा वास मात्र कुठेच जायचा नाही. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो यायचा आणि वर्गात मुली नाकाला रुमाल लावायच्या. आज सातव्या मजल्यावरच्या माझ्या बंद खिडक्यांच्या घरात कधी बांगडा तळला, तर सून लगेच पंखा लावते. त्या वासात मी थोडा वेळ बसून राहते.

बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते आणि दादा नुकताच तिथेच बदली कामगार म्हणून लागला होता. बाबा पुढे एका कापडाच्या दुकानात दारावर बसू लागले. दादाला दादरच्या एका नर्सरीत काम मिळालं. फोर्टातल्या मोठ्या कचेऱ्यांना ही नर्सरी झाडांच्या कुंड्या भाड्यानं द्यायची. दादा टेम्पोतून कुंड्या घेऊन जायचा आणि आधीच्या आठवड्यातल्या, एसीत राहून मान टाकलेल्या कुंड्या परत आणायचा. त्यातल्या ज्या अगदीच हातच्या गेल्या असतील त्या मालक फेकायला सांगायचा. त्याच काळात दादाचं लग्न झालं. सावंतवाडीकडची मुलगी, सुमन नावाची, वडील नसलेली, दहावी झालेली. आईशी ती मालवणीत बोलायची, पण माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध बोलायची आणि मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि ही गोष्ट चाळीत कुणाला कळू दिली नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

लग्नाला महिना झाला असेल. दादानं एक वाळलेली कुंडी घरी आणली. आईनं दारातच अडवलं. "ह्या काय हाडलंस?"

"गवत आहे."

"गवत? म्हस खंय बांधतलंस?"

सगळी गॅलरी हसली. शेजारच्या घाडीकाकूंनी तर हे वाक्य पुढे कितीतरी दिवस चालवलं. वहिनी मात्र हसली नाही. तिनं कुंडी मांडीजवळ ओढली, वाळलेल्या पात्या बाजूला करून बुडाशी बोट घातलं आणि म्हणाली, "जिवंत आहे. पाण्यानं कुजवलंय फक्त." मग तिनं कोयता मागितला आणि तो सगळा झिपऱ्या झालेला ठोंब बुडापासून चार बोटं ठेवून सरळ कापून टाकला. दादा ओरडला, "अगो, मारलंस त्याला!" ती म्हणाली, "गवताला कापल्याशिवाय ते येत नाही. आमच्या गावच्या कातळसड्यावर बघायला या कधीतरी."

पंधरवड्यात त्या बोडक्या ठोंबातून बारीक, पोपटी पाती वर आली. दादा कामावरून आला की हातपाय न धुता आधी तिकडे जाऊन बसायचा. नर्सरीत त्या गवताला काहीतरी लांबलचक नाव होतं. वहिनीनं त्याला 'झिपरी' म्हटलं. पुढे दादा एकेक आणत गेला तशी तिनं सगळ्यांची बारशी केली. तांबूस पात्यांचं आणि खारीच्या शेपटीसारखे तुरे येणारं ते 'खारूताई'. पांढऱ्या पट्ट्यांचं ते 'मास्तर', कारण आमच्या चाळीतले एक मास्तर पट्ट्यांचा लेंगा घालून नळावर यायचे. काळसर, बुटकं, कधीच वाढायचं नाव न घेणारं ते 'घाडीकाकू'. हे नाव आमच्या तिघांतच होतं. ते बुटकं खरं गवत नव्हेच, दुसऱ्याच कुळातलं आहे, हे मला फार नंतर कुणीतरी सांगितलं.

गॅलरी अडीच हात रुंद. त्यातून माणसं जायची, पाण्याच्या कळश्या जायच्या, गणपतीत मखर जायचं. कठड्यावर सगळ्यांचे कपडे वाळायचे. त्यामुळे कमरेच्या वर जाणारं काही ठेवायचं नाही, असं चाळीच्या कमिटीनं बजावलं होतं. म्हणून दादा शोधून शोधून ठेंगणी गवतंच आणायचा. कुंड्या कसल्या, डालड्याचे डबे आणि तेलाचे अर्धे कापलेले डबे. वहिनी डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, त्यांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवायची, वर विटांचा चुरा, रेती आणि तबेल्यातून आणलेलं जुनं शेण घातलेली माती. "पाणी बेतानं," ती मला बजावायची, "फुलझाडांसारखे लाड याला सोसत नाहीत." वर्षभरात डबा मुळांनी गच्च भरला की ठोंब बाहेर काढून कोयत्यानं दोन भाग करायचे आणि दोन डब्यांत लावायचे. नाहीतर मधला भाग मरतो आणि गवत कडेकडेनं म्हाताऱ्याच्या टकलासारखं उरतं. वाळलेल्या पात्या काढायला तिला बारीक दातांचं काहीतरी हवं होतं. बाबांनी कुठूनतरी मागातल्या फणीचा तुकडा आणून दिला. गिरणीबद्दल एक शब्दही न बोलणारे बाबा त्या दिवशी तिच्याजवळ बसले आणि धागा फणीतून कसा जातो ते तिला समजावून सांगत राहिले. मग तिनं त्याच फणीनं झिपरीचे केस विंचरले. बाबा हसले. गिरणी बंद झाल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

परवा दादरला एका नर्सरीत मी अशीच ठेंगणी गवतं पाहिली. सुबक सिरॅमिकच्या कुंड्यांत, ओळीनं मांडलेली. विकणारा मुलगा म्हणाला, "आंटी, ये अभी बहोत चलता है, छोटी बाल्कनी के लिए बेस्ट है." मी एक घेतली. घरी आणून बघते तो कुंडीच्या बुडाला भोकच नाही.

गवताला फूल नाही, फळ नाही, मग त्याचं सुख काय, असं मी एकदा वहिनीला विचारलं होतं. ती म्हणाली, "फुलझाड लावलं तर सकाळी उठून बघावं तर फुलं कुणीतरी देवाला नेलेली. गवत कोण नेतोय? आणि शैलू, हे हलतं बघ. मुंबईत वारा आहे हे मला याच्यामुळे कळलं." संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटायचा तेव्हा ती आणि दादा उंबऱ्यात बसायचे. आत पंगत चाललेली, आई वाढतेय, मी ताटं उचलतेय, आणि दारात त्या दोघांच्या पाठी, पलीकडे खारूताईचे तुरे डुलताहेत. त्या दोघांना खोलीत एकांत असा कधी मिळालाच नाही. उंबऱ्यातली ती संध्याकाळ हाच त्यांचा सगळा संसार होता. तो दोन वर्षंही टिकला नाही.

श्रावणात परळला कमरेइतकं पाणी भरलं. दादाच्या पायाला खुरपं लागून जखम झालेली होती. तो त्याच पाण्यातून चालत घरी आला, वर येऊन पाय धुतले, गरम भात जेवला. चार-पाच दिवसांनी ताप चढला. डोळे पिवळे झाले. आईनं गावठी औषध दिलं, बाबांनी डॉक्टर आणला, डॉक्टरनं इस्पितळ गाठायला सांगितलं. तिथे सगळ्यांनी धावपळ केली. शेवटच्या दिवशी सकाळी तो वहिनीला एवढंच म्हणाला, "मास्तरला जागा कमी पडतेय. फोडायला झालाय." तिनं मान हलवली. दुपारी तो गेला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आईनं खानावळ बंद केली नाही, एवढं आठवतं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तिनं विळी घेऊन नारळ खवायला सुरुवात केली. वहिनी कोपऱ्यात बसून असायची. तिचा भाऊ आला, बहिणीला काही दिवस घेऊन जातो म्हणाला, पण तो असा चाचरत म्हणाला, की त्याच्या घरी तिला जागा नाही हे मलासुद्धा कळलं. वहिनी गेली नाही. गॅलरीतली गवतं वाळायला लागली. मी पाणी घालायचे, पण मला बेत कळायचा नाही. झिपरी पिवळी पडली. मग एके दिवशी शाळेतून आले तर वहिनी गॅलरीत बसली होती, मास्तरचा ठोंब डब्यातून बाहेर काढलेला होता, आणि ती कोयत्यानं तो फोडत होती. मुळं इतकी घट्ट झाली होती की कोयता आत जाईना. ती घाव घालत होती आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडत होती. मी पुढे गेले, तर आईनं मला मागून धरलं. "रवांदे," ती म्हणाली. राहू दे.

आई तिच्याकडे तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघू लागली असं मला आता वाटतं. वहिनी बावीस वर्षांची होती. ती परात घेऊन बसली की जेवायला आलेले गडी माना खाली घालायचे, आणि ती भाकरी थापून झाली की गॅलरीत जाऊन गवताजवळ बसायची, काही न करता. असं वर्ष गेलं, त्याहून जास्त गेलं. एका दुपारी पंगत उठल्यावर आईनं धुरींना थांबवून घेतलं. धुरी गोदीत काम करायचे, तिशीचे, अबोल, खोलीवर चार जणांत राहायचे. सगळ्या गड्यांत एकटेच असे, की जे स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायचे. वहिनी खाली नळावर गेली होती. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून कोपऱ्यात.

"धुरी, तुका एक इचारूचा आसा," आई म्हणाली. "आमच्या सुमनशी लगीन करशीत?"

दारात बाबा उभे होते, ते खालीच बसले. त्यांना आईनं काहीच सांगितलेलं नव्हतं. धुरींच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "काकी, त्यांना विचारलंत?"

"तिका मी इचारतलंय. तू तुझा सांग."

"त्या हो म्हणाल्या तर माझी ना नाही."

आईनं वहिनीला गॅलरीत गाठलं, कुंड्यांपाशी. मी उंबऱ्यात होते. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, हातातली फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, माका घरातसून भायर काढतास?"

मला वाटलं आता आई तिला जवळ घेईल, नाही गो म्हणेल. आई म्हणाली, "होय. काढतंय."

"माझा काय चुकला?"

"काय एक चुकाक नाय. तू माझ्या डोळ्यांदेखत हय म्हातारी होतलंस, ता माका बघवचा नाय. माझो झिल गेलो. तुझा आयुष्य तेच्याबरोबर जावचा नाय."

त्यानंतर बराच वेळ दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. घाडीकाकू कळशी घेऊन आल्या, थबकल्या आणि मागे फिरल्या.

मी आईशी बोलणं टाकलं. तिनं माझा भाऊ गेल्यावर आता माझी वहिनीही घालवली, एवढंच मला दिसत होतं. त्यात धुरींचा थोरला भाऊ गावाहून घरच्या म्हातारीचा निरोप घेऊन आला. त्यांच्या आईची एकच अट होती. मुलगी विधवा असली तरी चालेल, पण जुन्या घराशी संबंध तुटला पाहिजे. येणंजाणं नाही, पत्र नाही, तिथली वस्तू नाही. धुरी भावावर चिडले, "असलं काही मी मानणार नाही" म्हणाले. आमच्या आईनंच त्यांना गप्प केलं. धुरींची वास्कोच्या गोदीत बदली ठरली होती, म्हातारी त्यांच्याजवळच राहणार होती. आईनं हिशेब केला असावा की ज्या घरात सुनेला उभा जन्म काढायचा आहे, तिथे पहिल्याच दिवशी भांडण नको. ती धुरींच्या भावाला म्हणाली, "शब्द दिलंय म्हणून सांग तुझ्या आवशीक."

दादा गेल्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखात लग्न झालं, कचेरीत, नोंदणीनं. वहिनीचा भाऊ आला नाही. आईनं तिला मोतिया रंगाची नवी साडी घेतली होती. मी जाणार नव्हते, पण वहिनीनं मला स्वतः वेणी घालून दिली आणि हाताला धरून नेलं. कचेरीतल्या साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला आणि विचारलं, "वधूतर्फे कोण? आपलं नातं?" बाबा पुढे झाले. सासरा म्हणायचं की काय म्हणायचं, याचा आदल्या दिवसापर्यंत घरात खल झाला होता आणि काही ठरलं नव्हतं. बाबांनी पेन हातात घेतलं. ते म्हणाले, "बाप."

साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्यांना त्यात विशेष काहीच नव्हतं.

गोव्याची बस लालबागहून दुपारची होती. वहिनीच्या पिशवीत धुरींनी घेतलेलं सामान तेवढं होतं. अंगावरची साडी सोडली तर आमच्या घरची साधी वाटीही तिनं नेली नाही. बसच्या पायरीवर चढता चढता ती वळली आणि आईला म्हणाली, "आई, चवथीक तरी येव?"

आई म्हणाली, "नको. मी बोलवल्याशिवाय येव नको."

बस गेली. आम्ही तिघं चालत परत आलो. घरी आल्यावर आईनं साडी बदलली, कोयता घेतला आणि गॅलरीत जाऊन एकेक गवत कापायला लागली. झिपरी, खारूताई, दोन्ही मास्तर, सगळी बुडापासून. मी धावत गेले, तिचा हात धरला, "तिचं काहीच ठेवायचं नाही का तुला?" असं ओरडले. इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

आई वळली नाही. "तीच सांगान गेली," ती म्हणाली. "पावसाच्या आदी कापूक होया. तिका धीर झाला नाय." आणि ती कापत राहिली. सगळं संपल्यावर तिनं पात्यांची मोळी बांधली. मग मात्र ती मोळी मांडीवर घेऊन ती जी रडायला लागली, ती बाबांनाही आवरेना. दादा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती.

दादाचे तेरा दिवस सोडले, तर त्या संध्याकाळी आमची खानावळ पहिल्यांदा बंद राहिली.

आईनं ती गवतं पुढे वर्षानुवर्षं सांभाळली. ठोंब फोडून फोडून गॅलरीभर दिली. घाडीकाकूंच्या दारातही एक डबा गेला. मी शिकले, महापालिकेच्या शाळेत लागले, लग्न होऊन चिंचपोकळीला गेले, दोन मुलं झाली. बाबा गेले. मी आईला कितीदा म्हटलं, चल, वास्कोला जाऊन लांबून तरी बघून येऊ. ती एकच सांगायची, "शब्द दिलो आसा." मग चाळ पाडायला निघाली. संक्रमण शिबिरातल्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती. डबे तिथे नेता आले नाहीत. आई तिथेच गेली, टॉवर उभा राहायच्या आधी. शेवटी शेवटी ती दादाला आणि वहिनीला एकाच दमात हाका मारायची, जसे दोघंही बाहेर उंबऱ्यात बसलेले आहेत.

टॉवरमधलं आईच्या वाट्याचं घर माझ्या नावावर झालं आणि मी परत डिलाईल रोडला राहायला आले. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी खालून वॉचमनचा फोन आला, कुणी बाई आल्या आहेत, जुन्या चाळीतल्या खानावळीच्या काकींचं घर विचारताहेत. मी वर पाठवायला सांगितलं. दार उघडलं तर पस्तिशीची एक मुलगी. तिनं सांगण्याआधीच मी ओळखलं. हनुवटी धुरींची होती, पण उभं राहणं वहिनीचं.

"आईला जाऊन तीन महिने झाले," ती म्हणाली. मी तिला बसवलं. पाणी दिलं. ती सांगत होती आणि मी ऐकत होते. वहिनीचा संसार चांगला झाला होता. धुरींनी तिला कधी दुखवलं नाही. तिची वास्कोची आजी, धुरींची आई, लवकरच गेली होती, माझी ही भाची पहिलीत असताना. तेव्हाच धुरी म्हणाले होते, आता कसली अट, चल, मुंबईला जाऊन येऊ.

"मग का नाही आली?" मी विचारलं.

"आई म्हणायची, सासूला दिलेला शब्द संपला. पण मुंबईच्या आईंनी सांगितलंय, बोलावल्याशिवाय येऊ नको. त्या बोलावतील तेव्हा जाईन." तिनं पेला खाली ठेवला. "पोस्टमन आला की दरवेळी स्वतः उठून जायची."

माझी आई इथे बसून होती शब्द दिला म्हणून, आणि वहिनी तिथे बोलावण्याची वाट बघत होती. मध्ये एका रात्रीचा प्रवास.

"आजी आहेत का?" मुलीनं हळूच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. मग ती बराच वेळ खिडकीबाहेर, जिथे पूर्वी आमची चाळ होती तिथल्या गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"शाळेत बाईंनी निबंध दिला होता, माझं आजोळ," ती म्हणाली. "मी आईला विचारलं, आपलं आजोळ सावंतवाडीला ना? ती म्हणाली, तिथे मी जन्मले. माझं माहेर मुंबईला, डिलाईल रोडला."

ती जायला उठली, वाकून नमस्कार केला आणि जराशी अडखळली. नात्यानं मी तिची कुणीच लागत नव्हते. "मी तुम्हाला काय म्हणू?" तिनं विचारलं. "आई तुम्हाला शैलूच म्हणायची. मावशी म्हटलं तर चालेल?"

मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हटलं, "माहेरी आलेली पोर अशी उपाशी जात नाही. बस, मी भात टाकते."